आजीच्या सात लाख बिड्या आणि कार्डावरचं एकच नाव

मागच्या भागात माझी आजी आपल्या पॉडकास्टवर आली होती. भाग ऐकून बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली: आजी सारखी "छाट, छाट" म्हणते, ते नेमकं काय? काही जणांना झाडीबोली नीट कळली नाही, तर काहींना बिडीचा हिशोब कळला नाही. म्हणून हा लेख. रेकॉर्डिंगमधला काही भाग जसाच्या तसा देतो, आणि जिथे आजी पटकन पुढे गेली तिथे थांबून समजावून सांगतो.

आधी ओळख. आजी म्हणजे माझ्या बाबांची आई. वय ७५ च्या आसपास. माहेर भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातलं एक छोटं गाव. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दिवाळीला घरी गेलो तेव्हा बॅगेत माइक होता. डोक्यात एक टिपिकल शीर्षकही तयार होतं, 'आजीच्या गरिबीच्या आठवणी'. पहिलाच प्रश्न तसा विचारला आणि पहिल्याच मिनिटाला माझी विकेट पडली.

मी: आजी, तुमी लहानपनी खूप गरीब होते न?

आजी: गरीब म्हन्जे काय रे बापा? जेच्याकडे काईच नाई तो गरीब. आमच्या घरी त काम होता. चोवीस तास काम होता.

हे वाक्य मी हसण्यावारी नेलं. भाग एडिट करताना मात्र लक्षात आलं की आजीनं मुद्दा पहिल्याच मिनिटात सांगून टाकला होता. काम भरपूर होतं, रोज होतं, घरातली लहान पोरंसुद्धा ते करत होती. मग पैसा कुठे जात होता? आणि तिच्या त्या कामाची नोंद आज कुठेच का नाही?

(बोलीबद्दल छोटीशी टीप: झाडीबोलीत 'ण' चा 'न' होतो आणि 'ळ' चा 'र'. म्हणून आजीचं 'पानी' म्हणजे पाणी, 'दिवारी' म्हणजे दिवाळी आणि 'सारा' म्हणजे शाळा.)

एकच गाव, तीन राज्यं

आजीचा जन्म १९५० चा. तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे आजी जन्मली एका राज्यात, शाळेत गेली दुसऱ्यात आणि शाळा सुटली ती तिसऱ्यात. घर मात्र तेच होतं, मातीच्या भिंतीचं आणि कवेलूंचं.

तिच्या जन्मानंतर लगेच आणखी एक मोठी गोष्ट झाली. १९५१ मध्ये आपल्याकडची मालगुजारी संपली. गावावर मालकी सांगणाऱ्या मालगुजाराचे हक्क सरकारनं काढून घेतले. शाळेत हे वाचताना मला वाटायचं, चला, गरिबांना जमीन मिळाली. पण फायदा झाला तो ज्यांचं कूळ म्हणून नाव लागलेलं होतं त्यांचा. आजीचा बा म्हणजे वडील दुसऱ्याच्या शेतात मजुरी करायचे. त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, त्यामुळे त्यांच्यासाठी काहीच बदललं नाही.

ही गोष्ट ध्यानात ठेवा. 'कागदावर नाव नसणं' हा या घराचा जुनाच प्रॉब्लेम आहे.

वर्षभराचं टाइमटेबल

भंडारा म्हणजे धानाचा जिल्हा. धानाच्या शेतीत मजुराला काम मिळतं ते दोन झटक्यांत. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणा, म्हणजे रोपं उपटून चिखलात लावणं. मग दिवाळीच्या आसपास कापणी आणि त्यानंतर मळणी. उरलेल्या दिवसांत शेतात हाताला काम नाही. त्या काळात जंगल कामाला यायचं. उन्हाळा लागला की मोहफुलं वेचायची. एप्रिल-मेमध्ये, पाऊस पडायच्या आत, तेंदूची पानं तोडायची.

आजी: पहाटे चंद्र असे तवाच निघो. मी, माय अन् शेजारच्या बाया. दहा वाजता परत. मंग घरी बसून पुडे बांधो. सत्तर पानांचा एक पुडा. मोजता मोजता डोरे मिटत.

आणि या सगळ्याच्या मधल्या फटी बुजवायला बिडी. ती बाराही महिने.

बिडी इकडे कशी आली हेही थोडक्यात सांगतो. १८९९ च्या मोठ्या दुष्काळानंतर गुजरातमधली काही कुटुंबं कामधंद्यासाठी मध्य प्रांतात आली. बिडी वळण्याची कला त्यांच्याकडे होती. इकडच्या जंगलात तेंदू भरपूर होता. पान मोठं, लवचिक, वाळल्यावरही पटकन न फाटणारं. माल न्यायला रेल्वे होती, गोंदियासारखं जंक्शन जवळ होतं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वर्षातले कितीतरी महिने रिकामे बसलेले हजारो हात होते. पान, रेल्वे आणि रिकामे हात या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि भंडारा-गोंदिया पट्ट्यात घरोघरी सुपं मांडली गेली.

सूप म्हणजे धान्य पाखडायचं तेच. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कात्री, पत्र्याचा साचा आणि धाग्याची रीळ. एवढाच कारखाना. शेड नको, मशीन नको, लाइट बिल नको. हे सगळं कामगाराच्या घरात, कामगाराच्या खर्चानं.

बिडी बनते कशी?

पानं आदल्या रात्री पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. सकाळी ती मऊ होतात. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीनं चौकोनी तुकडा कापायचा. त्यात चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी वळायचं, धागा बांधायचा आणि तोंड दुमडून बंद करायचं. २५ बिड्यांचा एक कट्टा. ४० कट्टे म्हणजे हजार. मजुरी हजारावर मिळते.

आजीच्या घरात कामाची वाटणी पक्की होती.

आजी: माय पानं कापे अन् वळे. मी आठ वर्षांची होती तवा निस्ता धागा बांधो. दहाव्या वर्षापासून वळाले लागली. बा शेतातून येऊन राती चिमणीच्या उजेडात वळे. लहाना भाऊ कट्टे मोजे.

मी: रोज किती करत होती तू?

आजी: सोरा कट्टे. सोरा झाल्याबिगर उठाचा नाई.

सोळा कट्टे, म्हणजे ४०० बिड्या. वय वर्षं दहा.

आजी तिसरीपर्यंतच शिकली. पण पंचवीसचा पाढा तिला आजही झोपेत येतो. किराण्याचं बिल ती कट्ट्यांत करते. ३७५ रुपये झाले की म्हणते, "पंधरा कट्टे झाले." लहानपणी मला ही तिची गंमत वाटायची. तो तिचा अभ्यासक्रम होता, हे आता कळलं.

आता छाट

आता तुमच्या प्रश्नाकडे. ठेकेदार घरी पानं आणि तंबाखू मोजून द्यायचा. त्यातून हजार बिड्या निघाल्याच पाहिजेत, असा हिशोब असायचा. पण पानं कधी फाटकी, कधी किडलेली. दिलेल्या पानांत हजार होत नसतील तर कमी पडलेली पानं मजुरानं स्वतःच्या पैशानं आणायची. हे झालं पहिलं नुकसान.

मग तयार माल घेऊन जायचं. ठेकेदाराचा माणूस कट्टे उघडून बघायचा. ही ढिली आहे, ही बारीक आहे, हिचं तोंड उघडं आहे, असं म्हणत काही बिड्या बाजूला काढायचा. बाजूला काढलेल्या बिड्या म्हणजे छाट. छाटीचे पैसे मिळायचे नाहीत.

इथपर्यंत ठीक आहे असं वाटेल. खराब मालाचे पैसे कोण देईल? पण आजी पुढे काय सांगते ते ऐका.

मी: मंग छाट घरी परत आनत होते?

आजी: काहाले परत देईल तो! ठेवून घे. अन् ते बी विकत असन. फेकत थोडीच असन.

म्हणजे बिडी खराब म्हणून पैसे नाहीत, आणि बिडी परतही नाही. कामाची क्वालिटी ठरवणारा आणि पैसे देणारा माणूस एकच. त्याला जितकी जास्त छाट दिसेल तितका त्याचा फायदा. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टरला प्रत्येक बगमागे पैसे मिळतात, ते डेव्हलपरच्या पगारातून कापले जातात, आणि वर तो कोडही ठेवून घेतो. असा टेस्टर किती बग काढेल, तुम्हीच सांगा.

आजीच्या आठवणीप्रमाणे हजारात पन्नास छाट ठरलेली. माल चांगला असला तरी पन्नास.

सरकारला ही गोष्ट माहीत नव्हती असं नाही. १९६६ मध्ये बिडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. छाटीवरून किंवा कच्च्या मालावरून भांडण झालं तर ते कसं मिटवायचं, याची सोय त्यात करावी लागली. एखाद्या शब्दासाठी कायद्यात जागा करावी लागते, यावरून तो त्रास किती घरांत असेल याचा अंदाज येतो.

आणा आणि नये पैसे

रेकॉर्डिंगमधला माझा सगळ्यात आवडता भाग हा. आजी सात वर्षांची असताना, १ एप्रिल १९५७ ला, देशात दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे होते. नंतर रुपयाचे १०० नये पैसे झाले. आता १०० भागिले १६ करा. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. पण पाव पैशाचं नाणं तर नव्हतं. म्हणून सरकारी तक्त्यात एक आण्याला ६ पैसे, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना पूर्ण २५ असं ठरलं.

आम्ही याला राउंडिंग एरर म्हणतो. तुमचा व्यवहार मोठा असेल तर फरक पडत नाही. पण कुणी एक-एक आणा चार वेळा दिला तर हातात येतात २४, आणि तेच चार आणे एकदम दिले तर २५. म्हणजे ज्याचा व्यवहार बारीक त्याचं नुकसान जास्त. आजीला हे गणित माहीत नाही. तिला एवढंच आठवतं की बा घरी येऊन पैसे तीन-तीनदा मोजायचे आणि मायला म्हणायचे, "नवे पैसे आले अन् आपले कमी झाले."

ताटात काय होतं?

भंडाऱ्यात राहून भात खात असतील, असं वाटतं ना? भात होता, पण तो कणीचा. चांगला तांदूळ मालकाच्या घरी आणि बाजारात जायचा. भरडताना जी तुटकी कणी राहते ती मजुराच्या घरी यायची. त्याची पातळ पेज. पावसाळ्यात रानातला तरोटा फुकट, म्हणून रोज तरोट्याची भाजी. बांधीत कधी खेकडे, झिंगे मिळाले तर त्या दिवशी सण.

आणि डाळ म्हणजे लाखोरी, प्रमाण मराठीत लाख. धान कापायच्या आधी ओल्या बांधीतच लाखेचं बी फेकून देतात. नांगरट नको, पाणी नको, तरी पीक येतं. त्यामुळे ही गरिबाची डाळ. पण महिनोन्महिने दुसरं काहीच न खाता हीच डाळ खाल्ली तर त्यातल्या एका विषारी घटकामुळे पाय कायमचे लुळे पडू शकतात. या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. १९६१ मध्ये लाखेच्या विक्रीवर देशात बंदी आली.

मी आजीला विचारलं, बंदी आल्यावर काय केलं? ती म्हणाली, "बंदी बजारात आली असन. आमच्या हांडीत नाई आली." गावात एक माणूस काठी टेकत पाय ओढत चालायचा, एवढंच तिनं सांगितलं. त्याचं नाव तिनं घेतलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ताटाबद्दलची आणखी एक आठवण तिनं सांगितली होती, एका संध्याकाळची. रेकॉर्डिंग संपल्यावर ती म्हणाली, "हे नको टाकू बापा. माय कशी दिसन लोकाईले?" तो भाग मी काढला. ऐकताना चौतिसाव्या मिनिटाला विषय एकदम बदलल्यासारखा वाटतो, त्याचं कारण हे. काही जणांना वाटलं माझं एडिटिंग गंडलं. गंडलेलं नाही.

कार्डावर कोणाचं नाव?

आता मूळ प्रश्नाकडे. ठेकेदाराकडे प्रत्येक घराचं एक कार्ड असायचं. त्यावर किती पानं दिली, किती तंबाखू दिली, किती बिड्या आल्या, किती छाट गेली, किती उचल घेतली, सगळं लिहिलेलं. आजीच्या घराच्या कार्डावर नाव होतं बाचं. फक्त बाचं.

साधारण सवयीचा माणूस दिवसभर बसला तर हजाराच्या आसपास बिड्या वळतो. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या एका माणसाच्या नावावर रोज बाराशे-पंधराशे बिड्या जमा होत होत्या. डेटा बघणाऱ्या कुणालाही लगेच कळेल की हे एका माणसाचं काम नाही. ठेकेदाराला ते कळत नव्हतं का? कळत होतंच. विचारायची गरज नव्हती.

कायदेही असेच घराच्या उंबरठ्याशी थांबत आले. १९६६ च्या कायद्यानं १४ वर्षांखालच्या मुलांना बिडीच्या कारखान्यात कामाला लावायला बंदी घातली. पण आजी कारखान्यात नव्हतीच, ती स्वतःच्या ओसरीत बसली होती. १९८६ च्या बालकामगार कायद्यानं बिडी वळणं हे बंदी घातलेल्या कामांच्या यादीत टाकलं, पण कुटुंबाच्या मदतीनं घरी चालणारं काम त्यातून वगळलं. बिडीचं काम घरीच चालत होतं.

चांगल्या गोष्टीही झाल्या, त्या सांगायलाच हव्यात. १९७६ मध्ये बिडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा आला. बिडीवरच्या उपकरातून दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. १९७७ मध्ये भविष्य निर्वाह निधीची योजना बिडी उद्योगाला लागू झाली. मालकांचं म्हणणं होतं की घरी बसून वळणारे आमचे कामगारच नाहीत. ते सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये फेटाळलं. यामुळे खूप घरांना आधार मिळाला, माझ्या ओळखीतल्याही.

पण आजीचं लग्न झालं १९६७ मध्ये. ती सासरी आली. या गावात बिडीचं काम नव्हतं, ती शेतमजुरीला लागली. म्हणजे कायदे जमिनीवर उतरायला लागले तेव्हा तिचं बिडीचं आयुष्य संपलं होतं. आणि आधीच्या कार्डावर तर तिचं नाव कधी नव्हतंच.

मी लॅपटॉप उघडून तिच्यासमोर हिशोब केला. दहा ते सतरा, सात वर्षं. रोवणा, कापणी, तेंदू, ताप, सणवार असे दिवस सोडून वर्षाला २५० दिवस. रोज ४०० बिड्या.

सात गुणिले २५० गुणिले ४००. सात लाख.

म्हणजे २८ हजार कट्टे. आणि तिच्या नावावर शून्य.

अकरा सेकंद

त्या पैशाचं काय झालं? घर चाललं, हे तर आहेच. पण एक गोष्ट मला रेकॉर्डिंगच्या दिवसापर्यंत माहीत नव्हती. कट्टे मोजणारा तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझ्या बाबांचे मामा, पुढे मॅट्रिक झाले, शिक्षक झाले. आज त्यांना पेन्शन आहे. त्यांची पुस्तकं आणि तुमसरला शिकायला राहण्याचा खर्च बिडीतून निघायचा.

मी आजीला विचारलं, "मामाजी शिकले, तुले वाटत नाई का का तू बी शिकली असती त?"

आजी गप्प बसली. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शांतता आपोआप कापायची सोय असते, म्हणजे ऐकणाऱ्याला कंटाळा येत नाही. त्यानं ही शांतता कापून टाकली होती. मूळ फाइल बघितली तेव्हा ती अकरा सेकंदांची निघाली. मी ती परत लावली. हेडफोन घालून ऐकलं तर मागे एक बारीक टक-टक येतं. आजी बोलताना अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासते, बिडी वळल्यासारखं. बांगडी खाटेला लागत होती, त्याचा तो आवाज.

त्यानंतर ती म्हणाली, "एक जन त शिकला न."

याच बोटांमुळे तिला रेशनच्या दुकानात त्रास होतो. वयानं आणि आयुष्यभराच्या हातकामानं ठसे पुसट झालेत. मशीन अंगठा घेत नाही. चार-पाच वेळा पुसून, दाबून बघावं लागतं. रांगेतले लोक चुळबुळ करतात. माझं अख्खं करिअर लोकांची ओळख पटवणाऱ्या सिस्टिम्स बनवण्यात चाललंय. त्या मशीनसमोर आजीला उभं बघितलं की मला फार अवघडल्यासारखं होतं. जिचं नाव कार्डावर कधी आलं नाही, तिचा अंगठाही आता चालत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे बिडीचं कौतुक नाही. बिडी माणसं मारते, वळणाऱ्याच्या छातीतही तंबाखूची धूळ जाते. आजीनं सासरी आल्यावर घरात कुणाला बिडी ओढू दिली नाही. आजोबा ओढायचे, पण बाहेर, गोठ्याच्या मागे.

भाग आल्यानंतर आलेला फोन

लेख इथे संपणार होता. पण भाग आल्यावर दोन दिवसांनी मामाजींचा फोन आला. त्यांच्या नातवानं त्यांना ऐकवला होता. पूर्ण ऐकला, म्हणाले. मग म्हणाले, एक चूक आहे.

मला वाटलं राज्य किंवा साल चुकलं असेल. ते म्हणाले, "छाट पन्नास नव्हती. शंभर होती. हजारात शंभर. मी बासोबत ठेकेदाराकडे जायचो ना, कट्टे मोजायला. मला माहीत आहे. बा घरी येऊन पन्नासच सांगायचे. बाईला आणि मायला वाईट वाटू नये म्हणून. मलाही सांगून ठेवलं होतं, बोलायचं नाही."

साठ वर्षं ते बोलले नव्हते. मोठ्या बहिणीला ते 'बाई' म्हणतात. मी विचारलं, आजीला सांगू का? ते म्हणाले, मीच सांगितलं आत्ता, तिलाच आधी फोन केला होता.

मी हिशोब परत केला. पन्नास धरून सात लाखांत ३५ हजार बिड्या छाटीत गेल्या होत्या. रोजच्या ४०० नं भागलं तर ८७ दिवस, म्हणजे जवळजवळ तीन महिने फुकट काम. शंभर धरले तर ७० हजार बिड्या, १७५ दिवस. दहा ते सतरा वर्षांच्या मुलीचे जवळजवळ सहा महिने.

संध्याकाळी आजीला फोन लावला. म्हटलं, मामाजी असं असं म्हणाले, मी पुढच्या भागात दुरुस्ती टाकू का?

आजी म्हणाली, "टाक. बरोबर असन त टाक." थोड्या वेळानं म्हणाली, "मी म्हनो, एवढ्या चांगल्या वळतो तरी पैसे काहाले कमी येते. मले वाटे माह्याच बिड्या खराब."

तर ही दुरुस्ती आहे. हजारात छाट पन्नास नव्हे, शंभर. आणि आजीच्या बिड्या खराब नव्हत्या.

आपल्यापैकी बरेच जण आज कामावर पैसे मिळवतात. कुणी ऑर्डरमागे, कुणी डिलिव्हरीमागे, कुणी रील किंवा लेखामागे. माल कोण तपासतं, नापास केलं तर पैसे कोणाकडे राहतात आणि नोंद कोणाच्या नावावर होते, हे तीन प्रश्न तिथेही विचारून बघा.

आणि सुट्टीत घरी गेलात तर आजीला "गरिबी कशी होती" असं माझ्यासारखं विचारू नका. रोज सकाळी उठून काय करायची, किती करायची, आणि पैसे कोणाच्या हातात यायचे, एवढं विचारा. फोनचा रेकॉर्डर पुरेसा आहे. जे नको म्हणेल ते काढा. आणि तिचं भावंडं कोणी असेल तर त्यांनाही ऐकवा.

पुढच्या भागात मामाजी येणार आहेत. कट्टे मोजायचं काम त्यांचं होतं, त्यामुळे आकडे त्यांच्याकडून घेऊ. भेटू मग!